रोलमधली शेवटची हातभर टेप

बास्केटबॉलच्या सेमीफायनलला पंधरा मिनिटं होती आणि घोट्यांना बांधायची टेप संपत आली होती. बॅगेत तीन रोल होते खरं तर, पण एक आदल्या दिवशी कोणीतरी ओल्या टॉवेलखाली ठेवलेला, त्याचा चिकटपणाच गेला होता, दुसरा आमच्या सेंटरच्या दोन्ही घोट्यांना लागला आणि तिसरा फॉरवर्डला, जिचा पाय तीनच आठवड्यांपूर्वी मुरगळलेला. तिचं सगळं नीट केलं, फोम, वरचे अँकर म्हणजे बाकीच्या पट्ट्या ज्यांना धरतात ते फेरे, टाचेखालून तीन स्टिरप म्हणजे रिकिबीसारख्या पट्ट्या, मग आठच्या आकड्याचे फेरे, दोन्ही बाजूंनी हील लॉक म्हणजे टाच पकडून ठेवणारे फेरे, आणि मान वर केली तर समोर बाकावर आमची सगळ्यात लहान गार्ड बसलेली, मोजा आधीच काढलेला, उजवा पाय माझ्याकडे लांब केलेला. "ताई, माझा पण." तिचा घोटा मागच्या सीझनला मुरगळला होता, आता पूर्ण बरा होता, फिजिओने हिरवा कंदील देऊनही कितीतरी महिने झाले होते. पण तेव्हापासून ती एकही मॅच टेपशिवाय खेळली नव्हती. माझ्या हातात पुठ्ठ्याच्या नळीवर जेमतेम हातभर टेप उरली होती. घोटा नीट बांधायचा तर त्याच्या कितीतरी पट लागते. मी नाही म्हणू शकले असते. पण तेवढ्यात वॉर्मअपची शिट्टी झाली आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून माझ्याच्याने नाही म्हणवलं नाही. मी ती हातभर टेप मधे फाडली, एक पट्टी आतल्या घोट्यापासून टाचेखालून बाहेर आणली, ती पोचली पण नाही धड वरपर्यंत, दुसरी त्यावरून आडवी फिरवली, तळहाताने दाबून गरम केली जशी नेहमी करते, आणि म्हटलं, "झालं, जा." तिने मोजा चढवला, बूट बांधला, उजव्या पायावर एकटी उभी राहिली, डोळे मिटले, ही तिची सवय आहे प्रत्येक मॅचआधीची, आणि काही सेकंदांनी डोळे उघडून म्हणाली, "मस्त घट्ट झालंय आज." आणि पळाली.

त्या दोन पट्ट्यांनी काहीही धरलेलं नव्हतं.

अख्खी मॅच मी बॉल बघितलाच नाही नीट, तिचा उजवा मोजा बघत होते. ती लेअपला त्याच पायावरून उडाली, गर्दीत उतरली, एकदा तर दोघींच्या मधून तिरकी पडता पडता त्याच पायावर सावरली, आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा. काही झालं नाही. आम्ही हरलो, पण त्याचा टेपशी संबंध नव्हता. मॅचनंतर तिने मोजा काढला तेव्हा आडवी पट्टी सुटून मोज्याला चिकटलेली होती आणि खालची टाचेपाशी गुंडाळी होऊन बसलेली, आणि ती ते सगळं न बघताच ओरबाडून काढून बाकाखाली टाकून मोकळी झाली. मी ते बोळे उचलले. आजही ती गोष्ट मनातून जात नाही. सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की ती डोळे मिटून उभी होती तेव्हा खरंच हलली नाही. मी तिला त्याआधी कितीतरी वेळा तशी उभी राहिलेली बघितलंय, टेपशिवाय ती डगमगते, पाय टेकते, हसते. त्या दिवशी खांबासारखी होती.

मला स्वतःला घोटा म्हणजे काय हे कळलं ते कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी. रिबाउंडला उडाले, बॉल हातात आला, खाली आले ती दुसऱ्या कोणाच्या तरी बुटावर. बास्केटबॉलमधे हे इतक्या वेळा होतं की त्याचं कोणाला काही वाटत नाही, पण ज्याचं होतं त्याला तो क्षण आयुष्यभर आठवतो. पाय आत वळला, तळवा आकाशाकडे बघायला लागल्यासारखा, आणि आतून एक आवाज आला, सुकी काटकी मोडल्यासारखा, जो बहुतेक फक्त मलाच ऐकू आला असेल. दुखणं नंतर आलं. आधी आली ती एक विचित्र ऊब, बुटाच्या आत कोणीतरी कोमट पाणी ओतल्यासारखी. बाहेरच्या घोट्याच्या हाडापासून तीन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे दोर, निघतात, एक पुढे, एक खाली टाचेकडे, एक मागे, आणि त्यातलं पुढचं सगळ्यात दुबळं, पाय असा आत वळला की बहुतेक वेळा आधी तेच जातं. माझंही तेच गेलं. पहिल्या दिवशी तिथे अंड्याएवढा फुगा, तिसऱ्या दिवशी जांभळं, आठवड्याने हिरवट पिवळं, तो रंग हळूहळू खाली उतरत बोटांच्या फटींपर्यंत गेला. महिन्याभरात मी परत कोर्टवर होते, कारण तेव्हा सूज उतरली की पाय बरा झाला असंच सगळे धरून चालायचे.

आणि तेव्हापासून टेप. आमच्या फिजिओताई मॅचच्या आधी एका उंच टेबलावर बसवायच्या, पोटरी टेबलाच्या कडेबाहेर, आणि म्हणायच्या, "पाय नव्वदमधे ठेव गं, ढिला सोडू नकोस." त्यांच्या अंगठ्यांच्या कडेला टेप फाडून फाडून घट्टे पडले होते. टेप फाडताना येणारा तो फर्रर्र आवाज, झिंक ऑक्साइडचा तो रबरासारखा, थोडासा औषधी वास, पहिली पट्टी कातडीवर बसते तेव्हाचा गारवा, आणि शेवटची बसल्यावर सगळा पाय एकदम कोणाच्या तरी मुठीत गेल्यासारखा वाटणं. शेवटी त्या माझ्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबून बघायच्या, रक्त फिरतंय ना म्हणून, पांढरं होऊन परत गुलाबी झालं की पाठीवर थाप. त्या थापेशिवाय मला टेपिंग पूर्ण झाल्यासारखं वाटायचं नाही हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मॅच झाल्यावर कात्रीने कापून ती टेप काढली की सोललेल्या केळीसारखं एक पांढरं, घामेजलं कवच हातात यायचं आणि पाय उघडा, हलका, थोडा थरथरता वाटायचा. आपला असून आपला नसल्यासारखा.

तो उघडा पाय हाच खरा विषय होता, पण मला तो कळायला बरीच वर्षं गेली.

कधी रात्री उशिरा, घरात सगळे झोपल्यावर, एका पायावर उभं राहून डोळे मिटून बघा. लगेच कळतं की स्थिर उभं राहणं नावाची गोष्ट अस्तित्वातच नाही. घोटा सतत काहीतरी करत असतो, आत, बाहेर, आत, बाहेर, पायाच्या वरच्या बाजूच्या शिरा तारांसारख्या ताणतात आणि सुटतात, चवडा जमीन पकडायला बघतो, बोटं रोवली जातात. तोल म्हणजे पडणं आणि सावरणं इतकं पटापट चालू असणं की बाहेरून ते उभं राहिल्यासारखं दिसतं. डोळे, कानाच्या आत खोल असलेलं ते संतुलनाचं यंत्र, आणि तिसरं म्हणजे तळव्याची कातडी, स्नायू, सांधे यांच्याकडून येणारे निरोप, या तिघांच्या जिवावर हे चालतं. डोळे मिटले की एक भिडू कमी होतो आणि घोट्याला ओरडून बोलावं लागतं. शरीर स्वतःची जागा स्वतःच ओळखतं या जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन हे नाव शेरिंग्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने 1906 साली दिलं. आणि 1965 मधे फ्रीमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट मांडली जी वाचून मला माझ्याच पायाची माफी मागावीशी वाटली. घोटा मुरगळतो तेव्हा नुसतं लिगामेंट ताणलं जात नाही, त्यात असलेल्या निरोप देणाऱ्या नसांच्या टोकांनाही इजा होते. म्हणजे दोर पण तुटतो आणि दोरावरची घंटा पण. सूज उतरते, दुखायचं थांबतं, पण घंटा वाजत नाही, आणि मग तो पाय सरळ रस्त्यावर, काही कारण नसताना परत वळतो. पुढे हे चित्र बरंच गुंतागुंतीचं निघालं, नुसत्या नसांवर सगळं ढकलता येत नाही, पण मुळातली ती गोष्ट, की मुरगळलेला पाय नुसता दुखरा नसतो तर थोडा बहिरा झालेला असतो, ती मला माझ्या अनुभवावरून शंभर टक्के पटते. कॉलेज संपल्यावर मी जिना उतरताना दोनदा पडलेय, दोन्ही वेळा तोच पाय, दोन्ही वेळा हातात सामान असल्यामुळे पायरी दिसत नव्हती. आज बघते तर सगळं समजतं. डोळे नव्हते मदतीला, आणि घोटा गप्प होता.

मग टेप काय करते? मी इतकी वर्षं समजत होते की ती धरून ठेवते. लहान मुलाचं बोट धरावं तसं. आणि सुरुवातीला धरतेही, नाही असं नाही. पण 1962 मधे रॅरिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे चक्क मोजलं होतं, टेप लावलेल्या घोट्यांना व्यायाम करायला लावून, आणि दहा मिनिटांत त्या आधाराचा सुमारे 40 टक्के भाग निघून गेलेला होता. दहा मिनिटं म्हणजे पहिला क्वार्टर. हे वाचलं तेव्हा मला हाफटाइमला बुटात बोट घालून बघितलेला तो ओलसर, सैल, सुरकुतलेला कापड आठवला. तेव्हाही कळत होतं की ही आता काही धरत नाहीये, आणि तरी मी कधी बदलून घेतली नाही, कारण पाय सुरक्षित वाटत होता. आणि गंमत नाही, कोडंच आहे हे, की 1973 मधे गॅरिक आणि रेक्वा या दोघांनी कॉलेजमधल्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांवर बघितलं तेव्हा टेप लावणाऱ्यांचे घोटे खरंच कमी मुरगळले, विशेषतः ज्यांचे आधी मुरगळलेले होते त्यांचे. सैल पडणारी टेप आणि तरी कमी मुरगळणं. मग मधे काम कोण करतंय?

बरीच वर्षं याचं एक सुंदर उत्तर सांगितलं जायचं आणि मीही ते मुलींना सांगत आले. टेप कातडीला चिकटलेली असते, पाय जरा वळला की ती कातडी ओढते, कातडीतल्या ताण ओळखणाऱ्या पेशी मेंदूला खबर देतात, म्हणजे ती बंद पडलेली घंटा टेप बाहेरून वाजवते. किती छान आहे हे, ऐकताना लगेच पटतं. 1995 मधे तरुण मुलांवर केलेल्या एका प्रयोगात टेप लावल्यावर पायाखालचा उतार जास्त अचूक ओळखता आला असं निघालंही होतं. पण 2009 मधे, ज्यांचे घोटे परत परत मुरगळतात अशांवर बघितलं तर टेप लावल्यावर पाय आत बाहेर वळतोय हे ओळखणं उलट अवघड गेलं. आणि 2012 मधे असे सगळे प्रयोग एकत्र करून बघितले तेव्हा डगमगत्या घोट्यांच्या या जाणिवेवर टेपचा म्हणावा असा परिणामच दिसला नाही. मी ते वाचून खूप वेळ नुसती बसून होते. मी पोरींना इतक्या विश्वासाने सांगत आले होते, हात हलवून हलवून, कातडी ओढून दाखवून. चांगली गोष्ट सांगायला मिळाली की ती खरी आहे का हे विचारायचं राहून जातं, माझं तसंच झालं.

आणि मग तोलाचं. तोल मोजायची एक पद्धत आहे, साधी आणि देखणी, जमिनीवर आठ दिशांना पट्ट्या चिकटवायच्या, चांदणीसारख्या, खेळाडूने मधोमध एका पायावर उभं राहायचं आणि दुसऱ्या पायाने प्रत्येक दिशेला जमेल तितकं लांब टेकवून परत यायचं, न पडता. त्याचंच एक छोटं रूप तीन दिशांचं आहे, इंग्रजी वाय अक्षरासारखं, तेच मी आमच्या पोरींवर करते, जमिनीवर मोजपट्टी चिकटवून. 2006 मधे शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंवर याच दिशा वापरून बघितलं होतं आणि ज्यांच्या दोन पायांमधे पुढच्या दिशेला 4 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक होता त्यांना पायाची दुखापत व्हायची शक्यता अडीच पट निघाली. आमच्या गार्डच्या दोन पायांत एका सेंटिमीटरचाही फरक नव्हता. वहीत लिहिलेलं आहे माझ्या. तर 2007 मधे याच चांदणीवर आणि एका पायाने उड्या मारण्याच्या चाचणीवर डळमळीत घोट्याच्या लोकांना तीन प्रकारे तपासलं, एकदा खरी टेप, एकदा नुसती नावाला लावलेली, आणि एकदा काहीच नाही. तिन्हीमधे कामगिरी सारखीच. नंतर 2010 मधे दुसऱ्या गटाने दोन वेगळ्या पद्धतींनी टेप लावून बघितली, पाय तेवढाच लांब पोचला जेवढा टेपशिवाय पोचत होता. पण लोकांना विचारलं की कसं वाटतंय, तर टेप असताना जास्त स्थिर वाटतं, भरवसा वाटतो, धीर येतो.

नुसती नावाला लावलेली. हे शब्द वाचताना मला माझे स्वतःचे हात दिसले, ती हातभर टेप मधे फाडणारे.

मधल्या काळात रंगीत टेप आली आणि या सगळ्याला वेगळाच रंग चढला. जपानच्या केंझो कासे यांनी सत्तरच्या दशकात ती लवचिक टेप काढली, सुती, ताणली जाणारी, कातडीसारखी, आणि 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकमधे बीच व्हॉलीबॉल खेळणाऱ्या केरी वॉल्शच्या खांद्यावर ती काळी जाळी जगाने बघितली, मग 2012 च्या युरो कपमधे इटलीचा फुटबॉलपटू बालोटेली गोल करून शर्ट काढून उभा राहिला तर पाठीवर निळ्या पट्ट्या. त्यानंतर आमच्या मुलींना निळीच पाहिजे, गुलाबीच पाहिजे. धडधाकट खेळाडूंच्या तोलावर तिचा ठाम, पुन्हा पुन्हा दिसणारा असा फायदा काही सापडत नाही. पण निळी पट्टी लावून आलेली मुलगी ज्या चालीने कोर्टवर येते ती चाल मी डोळ्यांनी बघितली आहे, आणि ती चाल खोटी नसते.

याचं काय करायचं ते मला अजून नीट कळत नाही. कारण मी भीतीसुद्धा बघितली आहे. भ्यालेली खेळाडू वेगळी उतरते. गुडघे ताठ, नजर जमिनीवर, पाय एक क्षण आधीच रोखलेला, उतरू की नको असा. माझं स्वतःचं तसं एक वर्ष गेलंय, एकदा फिजिओताई आल्या नव्हत्या आणि मला टेपशिवाय उतरावं लागलं, तर मी बॉलकडे बघण्याऐवजी प्रत्येक वेळी खाली पायाकडे बघत होते, दोन पास छातीवर आदळले, तिसरा हातातून सुटला आणि सरांनी बाहेर काढलं. आणि घोट्याच्या बाबतीत एक भयंकर गोष्ट अशी आहे की मुरगळायला लागल्यावर सावरायला वेळच नसतो. पाय अचानक आत वळला की पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू जागे व्हायला सेकंदाचा साधारण विसावा ते पंधरावा भाग लागतो, मग जोर धरायला आणखी वेळ, आणि तेवढ्यात पाय वळून झालेला असतो. म्हणजे जे काही करायचं ते जमिनीला टेकायच्या आधी, हवेत असतानाच, पाय कसा धरलाय, स्नायू आधीच तयार आहेत का, नजर कुठे आहे, यातच सगळं आलं. मग जर दोन निरुपयोगी पट्ट्यांनी तिची नजर पायावरून उचलून बॉलवर नेली असेल, खांदे सैल झाले असतील, ती मोकळी उतरली असेल, तर त्या पट्ट्या निरुपयोगी कशा? पण असं म्हणायला लागले की दुसऱ्या बाजूने मन टोचायला लागतं. ज्या दिवशी रोल नसेल, माझ्यासारखी कोणी खोटी पट्टी लावायला नसेल, त्या दिवशी काय? भरवसा तिच्या पायात नव्हता, माझ्या बॅगेत होता.

आणि पायात भरवसा उगवतो कसा हे तर माहीत आहे. डगमगता बोर्ड, उशी, एक पाय, मिटलेले डोळे. 2006 मधे शाळेतल्या 765 फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळाडूंवर अशा तोलाच्या व्यायामाचा प्रयोग झाला, घोटे मुरगळण्याचं प्रमाण 38 टक्क्यांनी कमी निघालं. 2009 मधे नेदरलँड्समधे नुकताच घोटा मुरगळलेल्या 522 खेळाडूंपैकी अर्ध्यांना नेहमीच्या उपचाराबरोबर घरी एकट्याने करायचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम दिला, आणि पुढच्या वर्षभरात परत मुरगळण्याचा धोका 35 टक्क्यांनी उतरला. कोणी देखरेखीला नव्हतं, घरीच, आपलं आपण. हे वाचून मला राग आला होता खरं सांगते. मला कोणी एकदाही असं उभं केलं नाही. सहा वर्षं माझ्या पायावर टेपचे किती रोल गेले असतील त्याचा हिशेब नाही, आणि एक उशी कोणी पायाखाली दिली नाही. पण मी आता स्वतः या बाजूला उभी आहे तर कळतं का ते. टेप पाच मिनिटांत लागते, दिसते, तिला वास आहे, आवाज आहे, कोणीतरी आपल्यासाठी वाकलंय असं वाटतं. बोर्डावर उभं राहणं कंटाळवाणं, त्यात काही दिसत नाही, दोन आठवड्यांनी पण काही झाल्यासारखं वाटत नाही, पोरी हळूच फोन काढतात. मी शिस्तीच्या नावाखाली ओरडते, त्या दहा सेकंद उभ्या राहतात आणि वीस मोजतात.

मी तिला सांगितलं. लगेच नाही, महिनाभराने, प्रॅक्टिसनंतर, दोघीच बॉल गोळा करत होतो तेव्हा. सगळं सांगितलं, रोल संपला होता, त्या पट्ट्या नावाला होत्या, तुझा पाय त्या दिवशी तुझा तूच सांभाळलास. मला वाटलं होतं तिला छान वाटेल. शेवटच्या वाक्यावर तर मी बराच विचार केलेला होता. ती बॉल हातात घेऊन उभी राहिली आणि तिचा चेहरा लाल झाला. म्हणाली, "ताई, तुम्ही मला सांगायला पाहिजे होतं. मी गर्दीत उडत होते. मला वाटत होतं बांधलंय." मी म्हटलं, अगं पण तुझा घोटा ठणठणीत आहे, तू टेप नसती तरी. तर म्हणाली, "ते मी ठरवलं असतं ना." आणि बॉल जाळीत टाकून गेली. पुढच्या दोन मॅचेसना ती माझ्याकडे आली नाही, दुसऱ्या टीमबरोबर येणाऱ्या मुलाकडून बांधून घेतलं, माझ्यासमोरून लंगडी घालत बाकापर्यंत गेली पण माझ्याकडे बघितलं नाही. मी खूप वाचलं होतं टेपबद्दल, भरवशाबद्दल, धीराबद्दल, पण मला हे सुचलंच नव्हतं की त्या भरवशावर ती तिचं हाड पणाला लावत होती आणि तो सौदा तिच्या नकळत मी केला होता. तिचा पाय बरा होता, माझं निदान चूक नव्हतं, काही झालं नाही. तरी ती बरोबर होती.

तिसऱ्या आठवड्यात ती प्रॅक्टिसच्या अर्धा तास आधी आली. हातात नवा रोल, स्वतः आणलेला. टेबलावर चढून बसली आणि म्हणाली, "मला शिकवा. माझी मी लावणार." तर मी शिकवलं. स्वतःचा घोटा स्वतः बांधणं अवघड असतं, गुडघा छातीशी घ्यावा लागतो, टाच दिसत नाही, नव्वदचा कोन सुटतो. तिचे स्टिरप तिरके गेले, हील लॉक उलट्या बाजूने फिरला, टाचेपाशी मोठी सुरकुती पडली, तिथे नक्की फोड येणार होता, मी सांगितलं, तिने सगळं फाडून परत सुरू केलं. मी फक्त तळवा हाताने दाबून नव्वदमधे धरून ठेवला. पाऊण रोल गेला. शेवटी तिने स्वतःच अंगठ्याचं नख दाबून बघितलं, पांढरं, मग गुलाबी. खाली उतरली, एका पायावर उभी राहिली, डोळे मिटले, मी मोजायला लागले, आणि सतराला तिने पाय टेकला. डोळे उघडून तिने टेपकडे बघितलं, मग कात्री घेतली आणि आत्ताच लावलेलं ते सगळं कापून काढलं. उघड्या पायाने परत उभी राहिली, जमिनीवर, बूट नाही मोजा नाही. मी खाली बसून बघत होते, कातडीवर टेपच्या कडांचे वळ उमटलेले, त्यांच्याखाली शिरा सुटत ताणत होत्या, चवडा रोवला जात होता, घोटा आत, बाहेर, आत.

अकरा. "परत," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.